कशावर दळलंय?

"आमच्याकडे असलं कुणाला नाही." भाचीचं निदान झालं त्या संध्याकाळी ताईच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा कोथिंबीर निवडू लागल्या. ताईने माझ्याकडे बघितलं. आमच्याकडेही असलं कुणाला नाही. आमची आजी नव्वदी पार करून गेली, ती शेवटच्या आठवड्यापर्यंत तूप-पोळी खाऊन. पण आठ वर्षांच्या पोरीचं वजन दोन वर्षं काट्यावर हललं नव्हतं. पोट तेवढं पुढे आणि हातपाय काड्या. लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नव्हतं. जंतांचं औषध झालं, दूध बंद करून झालं, दृष्टही काढून झाली. शेवटी रक्ततपासणीने आणि दुर्बिणीतून काढलेल्या आतड्याच्या तुकड्याने एकच नाव सांगितलं : सिलिअॅक. गव्हातलं ग्लुटेन तिच्या आतड्याला सोसत नाही, आणि ते जन्मभर सोसणार नाही.

डॉक्टरांनी मग घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी सांगितली. प्रतिपिंडांची तर सांगितलीच, शिवाय एक जनुकीय. तिचे चार कागद एकाच पाकिटातून आले. भाचीच्या कागदावर आकड्यांच्या दोन जोड्या होत्या. डीक्यूए१ : ०२:०१, ०५:०५. डीक्यूबी१ : ०२:०२, ०३:०१. आणि खाली ठळक अक्षरांत 'एचएलए-डीक्यू२ : आढळले'. तिच्या धाकट्या भावाच्या कागदावर डीक्यू२ही नव्हतं, डीक्यू८ही नव्हतं. भाऊजींचा आणि ताईचा कागद मात्र धड हो म्हणत नव्हता, धड नाही म्हणत नव्हता. "म्हणजे आलं कुणाकडून?" ताईने विचारलं. त्या घरात तो प्रश्न औषधपाण्याच्या आधीचा होता.

हा कागद कुठून आला याचा माग काढायला बसले तेव्हा दिसलं, की त्याचे पूर्वज दोन घराण्यांतले आहेत. एक घराणं धान्याचं, दुसरं रक्ताचं. दोघांची सोयरीक जमली १९७२ साली. त्याआधी त्यांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

धान्याकडचं घराणं जुनं. आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशियाच्या अॅरिटीअस नावाच्या वैद्याने अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत एका पोटदुखण्याचं वर्णन केलं. अन्न पचत नाही, तसंच बाहेर पडतं, रोगी खंगत जातो. पोटाला ग्रीकमध्ये 'कोइलिया' म्हणतात, त्यावरून हे रोगी 'कोइलियाकोस'. आपल्याकडच्या वैद्यांची 'ग्रहणी' याच अंगाने जाते, पण दोन्ही एकच म्हणणं धाडसाचं होईल. जुलाब आणि खंगणं हे शंभर रोगांचं रूप असतं.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. सॅम्युअल जी यांनी ५ ऑक्टोबर १८८७ रोजी या विषयावर व्याख्यान दिलं आणि पुढच्या वर्षी ते छापलं. आधुनिक वैद्यकातली या रोगाची जन्मतारीख हीच धरतात. जी यांना कारण ठाऊक नव्हतं, पण रोग बरा होणारच असेल तर तो आहारानेच, हे त्यांनी बजावून सांगितलं. त्यांच्या लेखात एक पोर आहे. त्याला रोज क्वार्टभर, म्हणजे लिटरभराहून जरा जास्त, हॉलंडचे उत्तम शिंपले खायला दिले आणि ते झपाट्याने सुधारलं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि पोर पुन्हा खालावलं. पुढच्या हंगामात त्याने शिंपल्यांना तोंड लावायला साफ नकार दिला. मला हे पोर फार आवडतं. गंमत म्हणजे पिठूळ पदार्थ कमी द्या म्हणणाऱ्या जी साहेबांनी भाताला नाही म्हटलं, आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव मात्र चालेल म्हणून सांगितलं. म्हणजे चोर सोडला आणि संन्याशाला धरलं.

न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांचंही तेच झालं. १९२४ साली त्यांनी आठ मुलं केळ्यांवर बरी केल्याचं लिहिलं. मुलं खरंच सुधारली होती, कारण केळ्यांच्या त्या पथ्यात पाव नव्हता. श्रेय मात्र केळ्याने घेतलं, आणि पुढे बरीच वर्षं या मुलांचं औषध म्हणजे केळं असा समज राहिला. पथ्य बरोबर आणि कारण चुकीचं, हे वैद्यकात आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ वेळा घडतं.

कारणापर्यंत पोचला तो हेगच्या जुलिआना बालरुग्णालयातला डॉक्टर, विलेम कारेल डिके. सांगतात ते असं, की एका तरुण आईने त्याच्याशी बोलताना सहज म्हटलं, पाव बंद केला की माझ्या लेकराचं अंगावरचं पुरळ जातं. डिकेने ते ऐकून घेतलं. ऐकून घेणं ही काही छोटी गोष्ट नव्हे. आपल्याकडे दवाखान्यात आई काही सांगू लागली की अर्धे डॉक्टर प्रिस्क्रिप्शन लिहायला घेतात. महायुद्धाआधीच, तिशीच्या दशकात, त्याने गहू वगळून मुलांना आहार द्यायला सुरुवात केली होती.

मग १९४४-४५चा हिवाळा आला. जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. त्या हिवाळ्याला डच लोक आजही 'भुकेचा हिवाळा' म्हणतात. माणसांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, शुगरबीट खाल्लं. शहरं उपाशी पडली, हजारो माणसं मेली. आणि डिकेच्या वॉर्डातली ही खंगलेली मुलं, सगळ्यांत आधी जायची ती, तगून राहिली. पाव नव्हता ना. मग मदतीचा पाव आणि पीठ आलं, आणि मुलं पुन्हा आजारी पडली. ही गोष्ट इतकी नेटकी आहे की लोक सगळं श्रेय दुष्काळालाच देऊन टाकतात. खरं तर डिकेचा संशय आधीचा. दुष्काळाने साक्ष दिली एवढंच. १९५० साली त्याने उट्रेख्तला प्रबंध सादर केला. त्यात मुलांच्या आहारातलं धान्य बदलून विष्ठेतली चरबी मोजलेली होती. गहू आणि राय दिलं की चरबी वाढायची, भात किंवा मका दिला की उतरायची. मोजण्याची पद्धत व्हान दे कामर या रसायनशास्त्रज्ञाची. महिनोन्महिने मुलांची शी गोळा करून तिचं रासायनिक पृथक्करण करणारी ही माणसं कुठल्याच पुतळ्यात दिसत नाहीत.

१९५२ साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी एक पाऊल पुढे टाकलं. शार्लट अँडरसन ही ऑस्ट्रेलियन बालरोगतज्ज्ञ त्यांत होती. त्यांनी गव्हाच्या पिठातलं पिष्ट आणि ग्लुटेन वेगळं केलं आणि मुलांना दोन्ही वेगवेगळं देऊन पाहिलं. पिष्टाने काही झालं नाही. ग्लुटेनने झालं. कुरडया घालणाऱ्या बाईला हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, वाटायचे, पिळून गाळायचे, रात्रभर ठेवायचे. तळाशी पांढराशुभ्र चीक बसतो, तो पिष्ट. आणि हातात उरतो तो चिवट चोथा, त्यात कोंड्याबरोबर ग्लुटेन. एक सांगायला हवं, घरच्या चिकात ग्लुटेन पुरतं निघून जात नाही. भाचीला कुरडई चालत नाही, आणि तिचं या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं दुःख तेच आहे.

पुढे आतड्याच्या आतलं दिसू लागलं. इप्सविचच्या जॉन पॉली यांनी १९५४ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांत दाखवलं की आतड्याच्या आतल्या मखमलीची लव झडून गेलेली असते. काही वर्षांत नळीने किंवा गिळलेल्या कॅप्सूलने ऑपरेशनशिवाय तुकडा काढता येऊ लागला. आणि त्याबरोबर ताईच्या सासूबाईंचा प्रश्न वैद्यकात शिरला : घरात आणखी कुणाला?

घराण्यात हा रोग चालतो ही शंका जुनीच होती. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर, म्हणजे जी साहेबांच्याच रुग्णालयात, सेड्रिक कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली या रोगाच्या आनुवंशिकतेवर सविस्तर लिहिलं. पण खरी धीट माणसं अमेरिकेतल्या सिअॅटलची. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या आईवडिलांना, भावंडांना, मुलांना आतड्याचा तुकडा देण्यासाठी तयार केलं. नीट चालता-बोलता माणूस, काही दुखत-खुपत नाही, आणि डॉक्टर म्हणतात नळी गिळा. १९६५ साली निष्कर्ष छापून आला : जवळच्या नातलगांत सुमारे दहांत एकाचं आतडं झडलेलं होतं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याची गंधवार्ता नव्हती. 'आमच्याकडे कुणाला नाही' या वाक्याला तिथे पहिला तडा गेला. कुणाला आहे हे कळायला आधी कुणीतरी आत डोकावून बघावं लागतं.

आता दुसरं घराणं. त्याचा गव्हाशी काही संबंध नाही.

पॅरिसमध्ये जाँ दोसे रक्तपेढीशी संबंधित काम करत होता. ज्यांना पुष्कळदा रक्त चढवलं आहे अशांच्या रक्तात दुसऱ्यांच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, हे त्याच्या लक्षात आलं. १९५८ साली त्याने अशा एका खुणेला 'मॅक' नाव दिलं. एम, ए आणि सी ही तीन रक्तदात्यांची आद्याक्षरं. त्याच वर्षी हॉलंडमधल्या लायडेनचा यान व्हान रूड आणि स्टॅनफर्डची रोझ पेन यांना, एकमेकांना न सांगता, ही प्रतिपिंडं दुसऱ्याच ठिकाणी सापडली. बाळंतिणींच्या रक्तात.

कारण सोपं आहे आणि विचार करावा तितकं विलक्षण आहे. पोटातलं मूल अर्धं बापाचं असतं. बापाच्या खुणा असलेल्या पेशी थोड्याफार आईच्या रक्तात उतरतात, आणि आईचं शरीर त्या परक्या ओळखून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं करतं. जितकी बाळंतपणं जास्त, तितकी ही यादी मोठी. म्हणजे चार-पाच लेकरांच्या आईच्या रक्तात नवऱ्याच्या घराण्याची नोंदवहीच तयार झालेली असते. पुढे पंचवीस-तीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांनी या खुणा ओळखल्या त्या अशा बायकांच्या रक्तद्रवाच्या बाटल्यांवर. बाटल्या एका देशातून दुसऱ्या देशात जायच्या, अदलाबदल व्हायची. लॉस एंजेलिसच्या पॉल टेरासाकीने १९६४ साली मायक्रोलिटरभर रक्तद्रवात चाचणी करण्याची युक्ती काढली, तेव्हा एकेका बाटलीतून हजारो चाचण्या निघू लागल्या. या खुणांना एचएलए म्हणू लागले. त्यांची जनुकं आपल्या सहाव्या गुणसूत्रावर दाटीवाटीने बसलेली आहेत. दोसेला १९८० साली नोबेल मिळालं. बाटल्यांवर ज्या बायकांचे नंबर होते त्यांची नावं कुठे नाहीत.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण. कुणाचं मूत्रपिंड कुणाला चालेल, यासाठी हे सगळं. पण एकदा चाचणी हाताशी आली की लोक ती कशालाही लावून बघतात. १९७२ साली बर्मिंगहॅममध्ये आणि अमेरिकेत बेथेस्डाला दोन गटांनी ती सिलिअॅकच्या रुग्णांना लावली. त्या वेळी एचएल-ए८ म्हणत त्या खुणेची मंडळी सर्वसाधारण लोकांत दहांत दोन-तीन सापडायची. रुग्णांत ती दहांत आठ-नऊ सापडली. इथे दोन्ही घराण्यांची गाठ पडली. बर्मिंगहॅमला, जिथे वीस वर्षांपूर्वी पीठ धुतलं होतं, त्याच गावात.

ए८ हा मात्र खरा गुन्हेगार नव्हता. तो शेजारी होता. गुणसूत्रावर ही जनुकं इतकी चिकटून असतात की पिढ्यान्‌पिढ्या गठ्ठ्यानेच पुढे जातात. ए८ सापडला की त्याच्याजवळ राहणारं दुसरं काहीतरी हमखास असायचं. १९७६ साली व्हान रूडच्या लायडेनमधूनच आणखी जवळचा शेजारी सापडला. डच शिंपले, डच दुष्काळ, डच बाळंतिणी. हा रोग आपलं गुपित हप्त्याहप्त्याने हॉलंडलाच का सांगत राहिला, देव जाणे. आणि १९८९ साली ऑस्लोच्या लुडविग सोलिड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थेट दारावर थाप मारली. दार होतं डीक्यू२.

ताईच्या घरातलं भांडण याच शोधनिबंधात मिटलेलं आहे, म्हणून जरा थांबते. डीक्यू२ हा पेशीवरचा एक रेणू. तो दोन तुकड्यांचा. एका तुकड्याची पाककृती डीक्यूए१ या जनुकात, दुसऱ्याची डीक्यूबी१मध्ये. धोक्याची जोडी बनायला पहिल्याचा ०५ आणि दुसऱ्याचा ०२ लागतो. बहुतेक रुग्णांत हे दोन्ही एकाच गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून जोडीच्या जोडी येते. पण सोलिडने दाखवलं की जोडी वेगवेगळ्या गुणसूत्रांवरूनही जमू शकते. एक तुकडा आईकडचा, दुसरा बापाकडचा. पेशीत दोघे भेटले की रेणू तोच बनतो, आणि तितकाच उपद्व्यापी.

मी भाचीचा कागद पुन्हा हातात घेतला. ०२:०१ आणि ०२:०२ ही भाऊजींकडची जोडी. ०५:०५ आणि ०३:०१ ही ताईकडची. ०५ ताईचा, ०२ भाऊजींचा. एकट्या कुणाकडे पुरती धोक्याची जोडी नव्हती. सासूबाई बरोबर होत्या, आणि ताईही. मी हे त्यांना पेन-कागद घेऊन समजावलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे लग्नाने झालं." यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

डीक्यू२ करतो काय, हे नव्वदीच्या दशकात उलगडलं. ग्लुटेन हे आडमुठं प्रथिन. त्यात प्रोलीन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं ठासून भरलेली, त्यामुळे पोटातल्या पाचकरसांना त्याचे नीट तुकडे करता येत नाहीत. १९९७ साली बर्लिनच्या डेटलेफ शुप्पान यांच्या गटाने शोधलं की या रुग्णांची प्रतिपिंडं ज्या आपल्याच प्रथिनावर तुटून पडतात ते टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे एन्झाइम आहे. आज 'टीटीजी' म्हणून जी रक्ततपासणी होते ती तिथून निघाली. आणि मग मौज कळली. हेच एन्झाइम ग्लुटेनच्या अर्धवट तुकड्यांवर ऋण भार चढवतं, आणि डीक्यू२च्या खोबणीला नेमका ऋण भार आवडतो. तुकडा खोबणीत घट्ट बसतो. पहारेकरी पेशींना तो शत्रू वाटतो, आणि सगळा मारा आपल्याच आतड्यावर होतो.

बाळंतिणींच्या बाटल्या गेल्या त्या पीसीआरमुळे. डीएनएच्या इवल्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढण्याची ही युक्ती १९८३ साली कॅरी म्युलिसला सुचली. १९८६ साली ती ज्या जनुकांवर वापरून दाखवली त्यांत एक डीक्यूचं होतं. अमेरिकेत गुन्हेतपासासाठी बाजारात आलेला पीसीआरवरचा पहिला संचही याच डीक्यू-अल्फावर, म्हणजे आपल्या डीक्यूए१वरच बेतलेला होता. भाचीच्या कागदावरचा तो आकडा एके काळी रक्ताचा डाग कुणाचा आहे हे ठरवायचा. पीसीआरने हाडांतूनही साक्ष काढली. इटलीत तस्कनीच्या किनाऱ्यावर कोसा या रोमन गावाच्या जागी पहिल्या शतकातली एक मुलगी सापडली. अठरा-वीस वर्षांची, उंची जेमतेम १४० सेंटिमीटर, हाडं ठिसूळ, दातांवर कुपोषणाच्या रेघा. थडग्यात दागिने होते, म्हणजे घर खातंपितं असणार. आणि तिच्या डीएनएत डीक्यू२. घरात खायला भरपूर होतं, आणि त्यात पाव होता. तिच्याही आजीने म्हटलं असेल, आमच्याकडे असलं कुणाला नाही.

इथवर आल्यावर कुणालाही वाटेल, की मग चाचणी केली की झालं, घरातल्या कुणाला रोग होणार ते कळलं. तसं होत नाही. डीक्यू२ किंवा त्याचा भाऊबंद डीक्यू८ कितीतरी समाजांत दर शंभरांत तीस ते चाळीस माणसांत असतं. रोग होतो सुमारे एकाला. म्हणजे ज्यांच्या कागदावर 'आढळले' येतं त्यांतल्या दर शंभरांतल्या सत्त्याण्णवांना आयुष्यभर काहीही होत नाही. रुग्णाच्या सख्ख्या नातलगांत प्रमाण वाढतं, सरासरी शंभरांत सात-आठ. तरी बाकीचे ब्याण्णव-त्र्याण्णव सुटतातच. एकसारख्या जुळ्यांतही, जिथे जनुकं शब्दशः तीच, दर चार जोड्यांतली एखादी जोडी अशी निघते की एकाला रोग आणि दुसरा मजेत पाव खातोय.

चाचणीची खरी ताकद उलट्या उत्तरात आहे. दोन्ही नसतील तर सिलिअॅक होण्याची शक्यता जवळजवळ शून्य. भाच्याचा कागद म्हणूनच त्या पाकिटातला सर्वांत मोलाचा. त्याला दर एक-दोन वर्षांनी सुया टोचायला नकोत, पोट दुखलं की घर घाबरायला नको. त्या कागदाने त्याला काही दिलं नाही, यादीतून फक्त नाव खोडलं. 'आढळले' म्हणणारा कागद घेऊन घाबरून बसणाऱ्या, मुलाचा गहू तोडून टाकणाऱ्या घरांना हे कुणीतरी प्रयोगशाळेच्या काउंटरवरच सांगायला हवं. गहू आधी बंद केला की प्रतिपिंडांची तपासणीही फसते, आणि मग खरं काय ते कळायची वाटच बुजते.

तान्ह्या बाळाला गहू कधी द्यावा, यावरून घराघरांत जे तर्क चालतात त्यांचीही परीक्षा झाली. ज्यांच्या घरात आधीच रुग्ण आहे अशी बाळं निवडून युरोपात दोन मोठे अभ्यास झाले, ९४४ आणि ८३२ बाळांचे. एकात चौथ्या महिन्यापासून चिमूटचिमूट ग्लुटेन दिलं, दुसऱ्यात काही बाळांना सहाव्या आणि काहींना बाराव्या महिन्यात. २०१४ साली दोन्हींचे निकाल एकाच वेळी छापून आले. रोग टळला नाही. आईबापांनी लवकर दिलं म्हणून झालं, उशिरा दिलं म्हणून झालं, हे दोन्ही आरोप मागे घ्यायला हरकत नाही. चाचणीचा भावही वर-खाली झाला. युरोपातल्या बालपोटविकार-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली, आतड्याचा तुकडा न काढता मुलांचं निदान करण्याच्या नियमांत या जनुकीय चाचणीला मानाचं पान दिलं, आणि २०२० साली ते काढून घेतलं. टीटीजी पुरेसं चढलेलं असेल आणि दुसऱ्या नमुन्यात प्रतिपिंडांची खात्री झाली असेल तर जनुकांची साक्ष लागत नाही, असं ठरलं. अमेरिकेतल्या मराठी घरांत मात्र थुंकीची नळी पोस्टाने पाठवून हीच माहिती मागवणारे आता पुष्कळ. तिथे अशा घरगुती संचांना सिलिअॅकसाठी २०१७ साली सरकारी परवानगी मिळाली.

'सिलिअॅक नाही, पण गहू सोसत नाही' म्हणणारा एक मोठा वर्ग आहे. त्याला हा कागद काहीच सांगत नाही. १९७८ सालापासून अशा रुग्णांची वर्णनं येताहेत, त्रास खोटा नाही, पण त्याची जनुकीय खूण हाती लागलेली नाही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात २०१३ साली अशा लोकांना आधी आंबून वायू धरणाऱ्या शर्करांचं पथ्य दिलं आणि मग गुपचूप ग्लुटेन खाऊ घातलं. ग्लुटेनमुळे म्हणून वेगळा त्रास झालेला दिसला नाही. गव्हात ग्लुटेनच्या जोडीला फ्रुक्टनही असतं, ते कांद्या-लसणातही असतं, आणि बहुतेक जण कांदा सोडायला तयार नसतात.

आपल्याकडे हा रोग गोऱ्यांचा मानला जात होता. १९६६ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी उत्तर भारतातल्या मुलांतला सिलिअॅक ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. २०१६ साली आलेला अभ्यास मात्र प्रत्येकाने बघावा असा आहे. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली. डीक्यू२ किंवा डीक्यू८ उत्तरेत ३८.१ टक्के लोकांत, दक्षिणेत ३६.४ टक्के लोकांत. जवळजवळ सारखंच. रोग उत्तरेत हजारी ८.५३, दक्षिणेत ०.११. आणि गहू? उत्तरेत माणशी दिवसाला ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५. कागदावर दोघांचंही 'आढळले' आहे. एकाच्या ताटात पोळी आहे आणि दुसऱ्याच्या ताटात भात. एवढ्यावर थांबलं तर गोष्ट फारच गुळगुळीत होते. ईशान्येत गहू अवघा ३७ ग्रॅम, डीक्यू ३१.४ टक्के, तरी रोग हजारी ४.६६. तिथे आणखी काहीतरी काम करतंय.

आपल्याकडे देशावर ज्वारी-बाजरी, कोकणात भात-नाचणी. आमच्या आजीच्या लहानपणी पोळी सणाची होती, रोजची भाकरी. ती नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिली त्यात जनुकांचा वाटा किती आणि ज्वारीचा किती, हे आता तपासता येणार नाही. भाचीसाठी घर पुन्हा भाकरीवर आलं, तर ओळखीची माणसं खपलीचा सल्ला देऊ लागली. खपली हा जुना, देशी, पौष्टिक गहू, पण तो गहूच. त्यात ग्लुटेन आहे. ताईने हिंगाची डबी उलटी करून वाचली तेव्हा बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ निघालं; आता फोडणीला खडा हिंग असतो. पोळपाट-लाटणी दोन झाली. 'ग्लुटेन-फ्री' लिहायला किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आतलं ग्लुटेन हा आपल्या सरकारी नियमाचा आकडा आहे. किलोभर पिठात वीस मिलिग्रॅम म्हणजे नखावर मावेल इतकंसुद्धा नाही.

ते कळल्यावर गिरणीचा प्रश्न आला. ज्वारीचा डबा वर्षानुवर्षं कोपऱ्यावरच्या गिरणीत जायचा. गिरणीत बायका एकच विचारतात, कशावर दळताय. बाजरीवर गहू टाकू नका, पोळ्या काळ्या होतात. तांदळावर टाका. आता सासूबाई स्वतः जातात, सकाळी गिरणी उघडायच्या आधी. जात्याच्या पाळूत, कापडी नळ्यात आदल्या दिवशीचा गहू बसलेला असतो, म्हणून आधी आपली दोन किलो ज्वारी दळून गिरणी धुऊन घेतात. ते पीठ भाऊजींच्या भाकरीला. मग भाचीचा डबा. गिरणीवाला पहिल्या दिवशी वैतागला होता. "काकू, रोजच्या गिऱ्हाइकाला एवढं कोण करतं? आणि दोन किलोनं सगळं निघतं होय?" सासूबाईंनी ज्वारीत हात घालून पाहिला. घरगुती गिरणीचे पैसे या दिवाळीपर्यंत जमतील, असं त्या ताईला म्हणाल्या. तोवर भाचीची टीटीजी दर सहा महिन्यांनी बघायची आहे. मागची अजून चढीच होती.